संदर्भ वस्तूचा की ठिकाणाचा

आशयाचे भांडार, म्हणजे विकसकांच्या भाषेत कंटेंट रिपॉझिटरी, वापरून सॉफ्टवेअर उभारणाऱ्यांमध्ये एक नियम गेली बरीच वर्षे सिद्धान्ताचा मान मिळवून बसला आहे. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारा रेफरन्स शक्यतो टाळावा, आणि दुसरीचा उल्लेख करणे भागच पडले तर तिचा पाथ, म्हणजे भांडारातील तिच्या ठिकाणाचा पत्ता, मजकूर म्हणून लिहून ठेवावा, असा तो नियम. नव्याने कामाला लागणाऱ्या विकसकाला तो कारणांशिवाय सांगितला जातो, आराखड्यांच्या तपासणीत त्याचा हवाला दिला जातो, आणि त्याच्या जोरावर चांगल्या रचना नाकारल्या जातात. आज ज्या रूपात तो पाळला जातो त्या रूपात हा नियम चुकीचा आहे. प्रोग्राममधील ऑब्जेक्ट भांडारात उतरवताना तर तो आशयाची हानी करतो, आणि ती हानी बहुधा उशिरा, दुरुस्ती महाग झाल्यावर उघडकीस येते.

हा वाद ज्या भूमीवर घडतो ती भूमी जावा कंटेंट रिपॉझिटरी या प्रमाणाची आहे. विकसक त्याला थोडक्यात जेसीआर म्हणतात. जेएसआर-170 या क्रमांकाने त्याची पहिली आवृत्ती 2005 मध्ये आणि जेएसआर-283 या क्रमांकाने दुसरी आवृत्ती 2009 मध्ये पूर्ण झाली. दोन्हींचे नेतृत्व स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डे सॉफ्टवेअर या कंपनीचे डेव्हिड न्यूशेलर यांच्याकडे होते, आणि अपाचे जॅकरॅबिट या प्रकल्पाने हे प्रमाण प्रत्यक्ष चालवून दाखवले. जेसीआरमध्ये सगळा आशय नोडांच्या झाडात राहतो. प्रत्येक नोडला सामान्यतः एक पालक, हवी तितकी अपत्ये आणि हव्या तितक्या प्रॉपर्टी असतात, आणि मुळापासून त्या नोडपर्यंतच्या नावांची साखळी म्हणजे त्याचा पाथ. मेमरीतील ऑब्जेक्टांची व्यवस्था मात्र अशी झाडासारखी नसते. तेथे लेखाचा ऑब्जेक्ट लेखकाच्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो, त्याच लेखकाकडे आणखी अनेक लेख बोट दाखवतात, आणि लेखकाच्या हाती पुन्हा आपल्या लेखांची यादी असते. थोडक्यात, ते एक जाळे असते. जाळ्याला झाडात बसवण्याचे काम मॅपर करतो, आणि जॅकरॅबिट ओसीएम, जेक्रॉम किंवा पीएचपीच्या जगातील डॉक्ट्रिन पीएचपीसीआर-ओडीएम ही अशा मॅपरांची परिचित नावे आहेत. झाडात न मावणारे जे धागे उरतात तेच संदर्भ, आणि वाद आहे तो त्यांचे काय करायचे याचा.

टीका करण्याआधी मूळ मत नीट मांडणे न्यायाचे ठरेल. न्यूशेलर यांनी 2007 च्या सुमारास जॅकरॅबिट वापरणाऱ्यांसाठी आशयरचनेचे सात नियम सांगितले. त्यांतील पाचव्याच्या मथळ्याने संदर्भांना घातक ठरवले आणि सातव्याच्या मथळ्याने आयडींना दुष्ट म्हटले. मथळ्याखालचे विवेचन मथळ्यापेक्षा पुष्कळच सावध होते. रेफरन्स प्रकारची प्रॉपर्टी लावली की भांडार संदर्भ-अखंडतेची हमी देते, म्हणजे ज्या नोडकडे कोणी बोट दाखवत आहे तो नोड हटवू देत नाही. या हमीची किंमत भांडाराला मोजावी लागते आणि आशयाची लवचिकताही कमी होते, कारण एक दस्तऐवज दुसऱ्याशिवाय स्वतंत्रपणे निर्यात किंवा आयात करता येत नाही, आणि क्लोन, मर्ज, जुनी आवृत्ती परत आणणे अशा क्रियांनाही तोच अडसर होतो. म्हणून लक्ष्य नाहीसे झालेले खरोखरच चालणार नसेल तेव्हाच अशी हमी मागावी, एरवी पाथ, नाव किंवा ओळखक्रमांक साध्या मजकुराच्या रूपात ठेवावा, असा तो सल्ला होता. पुढे व्यवहारात या सल्ल्यातील ओळखक्रमांकाचा पर्याय गळून पडला आणि मथळा व पाथ एवढेच शिल्लक राहिले. या ऱ्हासाला सातवा नियमही कारणीभूत आहे, कारण बहुतेक कामांसाठी पाथ हाच स्वाभाविक उल्लेख आहे असे तो स्पष्टच सुचवतो.

पाचव्या नियमातील तक्रारी खऱ्या आहेत. जॅकरॅबिटच्या जुन्या पिढीत, ज्याच्याकडे बोट दाखवले आहे त्या प्रत्येक नोडमागे एक नोंद ठेवली जाई आणि तिच्यात त्याच्याकडे येणाऱ्या सर्व प्रॉपर्टींची यादी असे. साहजिकच हजारो लेख एकाच विषय-नोडकडे बोट दाखवू लागले की नवा लेख जतन करताना ती फुगलेली यादी दर वेळी पुन्हा लिहावी लागे. ओक या पुढच्या पिढीने, जिची 1.0 आवृत्ती 2014 मध्ये आली, हे काम एका स्वतंत्र इंडेक्सकडे सोपवले. परंतु या तक्रारी नेमक्या कशाविरुद्ध आहेत हे पाहिले तर त्यांतील बहुतेक हमीविरुद्ध आहेत, ओळखीविरुद्ध नाहीत. लक्ष्य हटू देऊ नये ही एक मागणी आहे, आणि लक्ष्य कोठेही गेले तरी तेच ओळखता यावे ही दुसरी. जेसीआरच्या पहिल्या आवृत्तीत रेफरन्स या एकाच प्रकारात दोन्ही एकत्र बांधल्या होत्या, त्यामुळे पहिली नकोशी झाली की दुसरीही टाकून देण्याचा मोह होत असे. 2009 च्या आवृत्तीने वीकरेफरन्स हा प्रकार आणून ही गाठ सोडवली. तो लक्ष्याची ओळख साठवतो, लक्ष्य हटवण्याला आडकाठी करत नाही, आणि लक्ष्याकडे कोण कोण बोट दाखवते हे विचारण्याची सोयही राखतो. रेफरन्सला येथे दृढ संदर्भ आणि वीकरेफरन्सला सैल संदर्भ म्हटले आहे. जी अडचण 2007 मध्ये प्रमाणातच होती ती 2009 मध्ये दूर झाली. नियम मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे सांगितला जात राहिला.

पाथच्या बाजूने सातव्या नियमात दिलेला दृष्टान्त युनिक्सच्या फाइल-व्यवस्थेचा आहे : वापरणाऱ्यांना हार्डलिंकपेक्षा सिमलिंक सोयीची वाटते, तसाच पाथही सोयीचा. हा दृष्टान्त लागू पडत नाही. हार्डलिंक म्हणजे एकाच फाइलला दोन जागी दिलेले समान दर्जाचे अस्तित्व. जेसीआरमध्ये त्याच्याशी जुळणारी गोष्ट असेल तर ती दुसऱ्या आवृत्तीत आलेले शेअरेबल नोड ही आहे, ज्यात एकच नोड अनेक पालकांखाली दिसतो. रेफरन्स असे काहीच करत नाही. लक्ष्य झाडात आपल्या एकाच जागी राहते आणि दुसरा नोड त्याची ओळख फक्त लिहून ठेवतो. म्हणजे दृष्टान्तात पाथची तुलना ज्याच्याशी केली आहे तो त्याचा खरा प्रतिस्पर्धीच नाही, आणि हार्डलिंकच्या गैरसोयी दाखवून ओळखीवर आधारलेल्या संदर्भाविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही.

प्रश्न खरा कसा उभा राहतो हे एका संग्रहाच्या उदाहरणाने पाहता येईल. मराठी नियतकालिकांचा एखादा संग्रह भांडारात घातला जात आहे आणि सूचीकारांनी अंकात छापलेल्या नावांवरून लेखकांचे नोड तयार केले आहेत, असे समजावे. राम गणेश गडकरी यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले, त्यामुळे संग्रहात /लेखक/गोविंदाग्रज, /लेखक/बाळकराम आणि /लेखक/राम-गणेश-गडकरी असे तीन नोड उभे राहतात, आणि प्रत्येक कवितेच्या व लेखाच्या नोडमध्ये त्या त्या लेखकाचा पाथ लिहिला जातो. काही काळाने संपादक ठरवतात की टोपणनावांचे नोड मूळ लेखकाच्या नोडखाली असावेत, आणि गोविंदाग्रजाचा नोड /लेखक/राम-गणेश-गडकरी/टोपणनावे/गोविंदाग्रज या जागी हलवला जातो. हलवण्याची ही क्रिया भांडाराच्या दृष्टीने अगदी साधी आहे, पण तिच्यासरशी गोविंदाग्रजाच्या सगळ्या कविता निनावी होतात. गोविंदाग्रज आहे, कविता आहेत, दोघांतील संबंधही खरा आहे; फक्त तो जेथे लिहिला होता तेथे माणसाऐवजी माणसाचा जुना पत्ता लिहिलेला होता. नोडला रेफरन्सेबल हा गुणधर्म लावून त्याची ओळख नोंदवली असती तर हलवण्याने ती बदलली नसती आणि संपादकांच्या निर्णयाची झळ एकाही कवितेला लागली नसती.

पाथचे समर्थक यावर म्हणतात की तुटलेला पाथ निदान दिसून तरी येतो. तो नेहमी दिसून येत नाही, आणि पाथवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. जेसीआरमध्ये एकाच पालकाखाली एकाच नावाची अनेक अपत्ये ठेवण्याची मुभा आहे. तशी ठेवली की त्यांना नावापुढे क्रमांक मिळतो, जसे कविता[1], कविता[2], कविता[3]. यांतील दुसरी कविता हटवली की तिसरी आपोआप दुसरी होते, आणि कविता[3] असा पाथ धरून बसलेला नोड रिकाम्या जागेकडे, तर कविता[2] धरून बसलेला नोड भलत्याच कवितेकडे बोट दाखवू लागतो. क्रम बदलला तरी हेच घडते. क्रमांकांची भानगड टाळली तरी नावाच्या पुनर्वापरातून तीच चूक होते : जुना नोड हटला आणि त्याच नावाचा निराळा नोड त्या जागी आला, की पाथ निमूटपणे नव्याला चिकटतो. हरवलेला संदर्भ तपासणीत सापडतो, त्याची यादी करता येते, संपादकाला विचारता येते. चुकीच्या माणसाकडे नेणारा संदर्भ मात्र कोणत्याही यांत्रिक तपासणीला निर्दोषच दिसतो. ज्ञानसंग्रहाच्या दृष्टीने या दोन दोषांत फार मोठे अंतर आहे.

पाथ स्वस्त आहे या दाव्याची परीक्षा मोठ्या प्रणालींच्या वर्तनावरून करता येते. डे सॉफ्टवेअर 2010 मध्ये अडोबीने विकत घेतली आणि तिच्या उत्पादनातून आजचे अडोबी एक्स्पीरियन्स मॅनेजर घडले. या प्रणालीत पानांचे परस्परसंबंध प्रामुख्याने पाथने नोंदवले जातात, आणि म्हणूनच पान हलवण्याच्या तिच्या क्रियेला, कोणकोणत्या ठिकाणचे उल्लेख दुरुस्त करायचे याची यादी बरोबर द्यावी लागते. ती यादी मिळवण्यासाठी प्रणाली आशय धुंडाळून त्या पाथचे उल्लेख शोधते, संपादकासमोर मांडते आणि मग एकेक बदलते. म्हणजे संदर्भ सांभाळण्याचा खर्च वाचलेला नाही. भांडाराने इंडेक्स ठेवून केला असता तो खर्च आता प्रत्येक स्थलांतराच्या वेळी शोधाच्या रूपाने केला जातो, आणि स्थलांतर त्या विशिष्ट मार्गाने न होता एखाद्या प्रोग्राममधून थेट नोड हलवून झाले तर तेवढेही होत नाही. उलट दिशेचा प्रश्नही येथेच येतो. या लेखकाचे लेख कोणते, हे छायाचित्र कोठे कोठे वापरले आहे, हा विषय हटवला तर कशाकशाला धक्का लागेल, असे प्रश्न आशयाच्या कामात रोजचे आहेत. दृढ आणि सैल संदर्भांसाठी जेसीआर ही विचारणा लक्ष्य-नोडकडेच करू देते, तर मजकुरात लिहिलेल्या पाथसाठी दर वेळी वेगळी क्वेरी लिहून सगळ्या भांडाराला विचारावे लागते.

नक्कल करण्याच्या क्रियेत तर पाथ उघडाच पडतो. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचे संपूर्ण उपझाड नव्या अंकाचा साचा म्हणून उतरवून घेतले, आणि त्यात अनुक्रमणिकेचे नोड लेखांच्या नोडांकडे बोट दाखवणारे असले, तर जॅकरॅबिट नकलेतील नोडांना नव्या ओळखी देतो आणि नकलेच्या आतल्या आत असलेले रेफरन्सही त्या नव्या ओळखींकडे वळवतो. संपूर्ण पाथ मजकुरात लिहिलेले असतील तर नव्या अंकाची अनुक्रमणिका मुकाट्याने गेल्या वर्षीच्या लेखांकडे नेत राहते. सापेक्ष पाथ, म्हणजे मुळापासून न सांगता आपल्या नोडपासून पुढे सांगितलेला मार्ग, या प्रसंगी टिकतो हे मान्य केले पाहिजे, आणि एकाच एककाच्या आत, जेथे सगळे भाग नेहमी एकत्रच हलतात, तेथे तो वापरण्यात काही गैर नाही. जुन्या आवृत्त्यांच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. आवृत्तीसंग्रहात गोठवलेल्या नोडांमधील रेफरन्सना संदर्भ-अखंडतेची सक्ती नसते, त्यामुळे जुनी आवृत्ती परत आणताना तिचे लक्ष्य आता उरलेलेच नाही असे घडू शकते, ही दृढ संदर्भाची खरी अडचण आहे. पण लक्ष्य जिवंत असून केवळ हलले असेल, तर ओळख धरून ठेवलेली जुनी आवृत्ती ते शोधून काढते आणि पाथ धरून ठेवलेली आवृत्ती शोधू शकत नाही. जुन्या आवृत्तीतला पाथ दुरुस्त करणेही शक्य नाही, कारण गोठवलेल्या नोंदीला हात लावता येत नाही.

विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळाच आहे आणि त्याला बगल देता कामा नये. एकच आशय विकसनाच्या, चाचणीच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या वेगवेगळ्या भांडारांत नेला जातो. तेथे नोड स्वतंत्रपणे निर्माण झालेले असतील तर त्यांचे ओळखक्रमांक वेगळे असतात, पाथ मात्र सगळीकडे सारखा असतो. म्हणून पाथच खरा वाहता संदर्भ, असे म्हटले जाते. पण या परिस्थितीत पाथ जुळतो याचे कारण कोणीतरी दोन्हीकडे झाडाचा आकार शिस्तीने सारखा राखला आहे हे असते, आणि ती शिस्त मोडली की पाथही मोडतो. जेसीआरची निर्यात ओळखक्रमांक बरोबर नेऊ शकते, आणि आयात करताना जुना क्रमांक राखायचा, नवा द्यायचा, की टक्कर झाल्यास क्रियाच थांबवायची हे सांगण्याची सोय प्रमाणात पहिल्यापासून आहे. ती न वापरता ओळखक्रमांकाला दोष देणे योग्य नाही. आणि जेथे दोन भांडारे एकमेकांपासून खरोखरच स्वतंत्र आहेत, जसे दोन वेगळ्या ग्रंथालयांचे संग्रह, तेथे पाथही कामाचा नाही आणि भांडाराचा अंतर्गत क्रमांकही नाही. तेथे आयएसबीएनसारखी सार्वजनिक ओळख प्रॉपर्टी म्हणून ठेवावी आणि आत आणल्यावर तिचे रूपांतर स्थानिक संदर्भात करावे.

यावरून पाथला कोठेच स्थान नाही असा अर्थ कोणी काढू नये. काही संबंध मुळातच ठिकाणाशी असतात. मुखपृष्ठावर जे काही असेल ते दाखवायचे आहे, चालू अंकाच्या जागी जो अंक ठेवला असेल तो उघडायचा आहे, एखाद्या विभागाला त्याची मांडणी ठरावीक फोल्डरातून घ्यायची आहे, अशा प्रसंगी त्या जागेवरची वस्तू बदलली की संदर्भानेही बदलावे हेच अपेक्षित असते, आणि ओळखीवर आधारलेला संदर्भ तेथे चुकीचा ठरेल. निवड करण्याची कसोटी एवढीच : जागेवर दुसरी वस्तू आली तर संबंधाने जागेबरोबर राहावे की वस्तूबरोबर जावे? लेखाचा लेखक, छायाचित्राचा हक्कधारक, अनुवादाचे मूळ, हे सारे संबंध वस्तूशी आहेत, आणि ऑब्जेक्टांच्या प्रोग्राममध्ये जवळपास सर्व संबंध याच जातीचे असतात, कारण प्रोग्रामच्या मेमरीत ऑब्जेक्टला ओळख असते, झाडातला पत्ता असा नसतोच. म्हणून मॅपिंगच्या संदर्भात पाथला प्राधान्य देणे हे मॅपिंगच्या हेतूच्याच विरुद्ध आहे.

रेफरन्समुळे झाली असे सांगितली जाणारी पुष्कळशी हानी वास्तविक मॅपर नीट न वापरल्याची असते. जॅकरॅबिट ओसीएममध्ये एका ऑब्जेक्टच्या आत दुसरा ऑब्जेक्ट फील्ड म्हणून आला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो अपत्य-नोड म्हणून जतन होतो. रेफरन्स म्हणून ठेवायचा असेल तर त्यासाठी खास कन्व्हर्टर नेमावा लागतो. हे न केल्याने प्रत्येक लेखाखाली गडकऱ्यांची एकेक प्रत साठते, एकीत जन्मवर्ष दुरुस्त केले की बाकीच्या तशाच राहतात, आणि मग दोष जाळ्याला दिला जातो. एरिक एव्हान्स यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डोमेन-ड्रिव्हन डिझाइन या ग्रंथात मांडलेली ॲग्रिगेटची कल्पना येथे नेमकी उपयोगी पडते. जे ऑब्जेक्ट एकत्र जन्मतात, एकत्र बदलतात आणि एकत्रच नष्ट होतात त्यांचा एक गट करावा, गटाला एक प्रमुख द्यावा, आणि गटाबाहेरच्यांनी केवळ प्रमुखाकडे बोट दाखवावे, असे ते सांगतात. जेसीआरच्या झाडात गट म्हणजे उपझाड आणि प्रमुख म्हणजे त्याच्या मुळाचा नोड : लेखाचे परिच्छेद, तळटीपा, चित्रांच्या ओळी हे त्याचे अपत्य-नोड व्हावेत, लेखक, विषय, मूळ छायाचित्र यांच्याकडे सैल वा दृढ संदर्भ जावेत, आणि रेफरन्सेबल हा गुणधर्म फक्त प्रमुखांनाच लागावा. असे केले की सातव्या नियमाची सार्थ बाजूही पाळली जाते, कारण मालकीचे संबंध आयडींनी व्यक्त करून झाड सपाट करणे ही खरोखरच चूक आहे. न्यूशेलर यांनी तिच्यावर बोट ठेवले ते योग्यच होते.

संदर्भ पाळत गेलो तर अर्धे भांडार मेमरीत येते, हा आक्षेपही वारंवार ऐकू येतो. लेख वाचला की लेखक येतो, लेखकामागे त्याचे सर्व लेख, त्या लेखांमागे त्यांचे विषय, आणि चक्र असेल तर वाचन संपतच नाही. यावरचा उपाय संदर्भ टाळणे हा नाही. मार्टिन फाउलर यांच्या 2002 च्या एंटरप्राइज ॲप्लिकेशनविषयक ग्रंथात आयडेंटिटी मॅप आणि लेझी लोड हे दोन्ही उपाय नावानिशी मांडलेले आहेत. पहिल्यात, एका सत्रात एकदा वाचलेला नोड ओळखीखाली नोंदवून ठेवतात आणि पुन्हा गाठ पडली की तोच ऑब्जेक्ट देतात, त्यामुळे चक्र आपोआप थांबते. दुसऱ्यात, लक्ष्याच्या जागी आधी केवळ एक प्रतिनिधी ठेवतात आणि त्याला प्रत्यक्ष काही विचारले तरच भांडाराकडे जातात. आयडेंटिटी मॅपची किल्ली पाथ असली तर सत्राच्या मध्येच नोड हलवल्यावर त्याच नोडचे दोन ऑब्जेक्ट तयार होण्याची वाट मोकळी होते, आणि दोघांत केलेले बदल एकमेकांवर कुरघोडी करतात. म्हणजे हा उपायही धडपणे चालण्यासाठी ओळखच लागते. आणि दोन्ही बाजूंनी दिसणारा संबंध साठवावा मात्र एकाच बाजूला : लेखात लेखक लिहावा, लेखकाचे लेख उलट विचारणेतून काढावेत. पीएचपीसीआर-ओडीएममध्ये रेफरर्स ही सोय याच कामासाठी दिलेली आहे, आणि त्या मॅपरने सैल, दृढ व पाथ या तिन्ही पद्धती उपलब्ध ठेवून न सांगितल्यास सैल संदर्भ गृहीत धरला आहे. मॅपर लिहिणाऱ्यांनी सर्वांनीच हे उदाहरण घ्यावे असे ते आहे.

एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन नवे ऑब्जेक्ट जतन कसे करायचे, हा प्रश्न अवघड वाटतो, पण भांडारानेच तो सोडवलेला आहे. संदर्भ-अखंडता प्रत्येक ओळीगणिक तपासली जात नाही. सत्रातील बदल सेव्ह करताना एकदम तपासली जाते. म्हणून मॅपरने दोन फेऱ्यांत काम करावे : पहिल्या फेरीत सर्व नोड निर्माण करून त्यांना ओळख मिळू द्यावी, दुसऱ्या फेरीत संदर्भ भरावेत, आणि मग एकच सेव्ह करावा. परस्परांत गुंतलेले नोड हटवतानाही ते सगळे एकाच सेव्हमध्ये हटवले तर भांडार अडवत नाही.

दृढ आणि सैल यांतील निवड मात्र मॅपरवर सोडता येत नाही. ती आशय जाणणाऱ्याने प्रत्येक संबंधाबाबत वेगळी करायची आहे. संबंधित लेखांची यादी सैलच असावी, कारण त्यातला एखादा लेख मागे घेतला तर उरलेल्या लेखाचे काही बिघडत नाही. छायाचित्राच्या हक्काची नोंद दृढ असावी, कारण परवानगी कोणी दिली हे माहीत नसलेले छायाचित्र प्रकाशित करणे हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि ती नोंद हटवू पाहणाऱ्याला भांडाराने थांबवावे हेच इष्ट आहे. अशा जागी नोड हटवण्यास मिळालेला नकार हा दोष नसून संपादकाला वेळेवर मिळालेली सूचना असते. सरसकट सर्वच संदर्भ दृढ करणाऱ्यांनीच या प्रकाराला बदनाम केले, आणि सरसकट सर्व टाळणाऱ्यांनी त्या बदनामीचा नियम केला.

ओळखक्रमांक मजकूर म्हणून ठेवणे हा न्यूशेलर यांनीच सुचवलेला मार्ग आजही काही ठिकाणी दिसतो, पण ओकच्या काळात त्यात एक खड्डा आहे. जुन्या जॅकरॅबिटमध्ये प्रत्येक नोडला स्वतःचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक असे. ओकमध्ये तो फक्त रेफरन्सेबल नोडांना मिळतो, आणि इतर नोडांची ओळख विचारली तर सर्वांत जवळच्या रेफरन्सेबल पूर्वजाची ओळख व तेथून पुढचा सापेक्ष पाथ जोडून, असा पूर्वज नसेल तर निव्वळ पाथ, उत्तर म्हणून येतो. ते उत्तर प्रॉपर्टीत जपून ठेवणाऱ्याला आपण ओळख ठेवली असे वाटत असते, वास्तविक त्याने पाथच ठेवलेला असतो. वीकरेफरन्स वापरला तर ही फसगत होत नाही, कारण तो रेफरन्सेबल नोडाकडेच नेमता येतो.

मॅपरच्या नजरेबाहेर राहणारे संदर्भ लेखाच्या मजकुरात, दुव्यांच्या रूपात असतात, आणि त्यांच्याबाबत बाझेलच्याच परिसरातील मॅग्नोलिया या आशयव्यवस्थापन प्रणालीचा मार्ग अनुकरणीय आहे. मजकुरातील अंतर्गत दुवा ती एका ठरावीक साच्यात लिहिते, त्यात लक्ष्याचा यूयूआयडी, भांडाराचे नाव आणि पाथ असे तिन्ही असतात, आणि पान दाखवताना त्यावरून त्या क्षणीचा खरा पत्ता तयार होतो. पाथने भरलेले जुने भांडार सुधारायचे असेल तर हाच मार्ग चढत्या क्रमाने वापरता येतो : ज्या नोडांकडे पाथ जातात त्यांना आधी रेफरन्सेबल करावे, प्रत्येक पाथ-प्रॉपर्टीशेजारी सैल संदर्भाची नवी प्रॉपर्टी भरावी, मॅपरला नवी प्रॉपर्टी वाचायला लावावे, आणि जुनी काही काळ तशीच राहू द्यावी. ज्या पाथांचे लक्ष्य सापडत नाही ते पुसून टाकू नयेत. ते वेगळ्या प्रॉपर्टीत जसेच्या तसे राखून त्यांची यादी संपादकांकडे द्यावी, कारण हरवलेला नोड कोणता होता हे सांगणारा तेवढाच पुरावा भांडारात उरलेला असतो.